शेवटी आमेन घालणे

बायको गेल्यानंतर सातव्या आठवड्यात पाळक माझ्याकडे आले आणि म्हणाले, शिवणवर्ग आता तुम्ही घ्या. मी म्हणालो, मला शिवता येत नाही. ते म्हणाले, मशीन तर येतं ना. मी म्हणालो, गाडी दुरुस्त करणाऱ्याला कोणी रस्ता विचारत नाही. ते म्हणाले, इथे रस्ता सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि खिशातून केंद्राची किल्ली काढून टेबलावर ठेवली. किल्ली तिचीच होती. तिनंच बांधलेला निळा दोरा अजून तसाच होता.

मी शिवणाची मशीनं दुरुस्त करतो. पस्तीस वर्षं तेच केलं. कुठल्याही मशीनचा आवाज ऐकून दुखणं सांगू शकतो, पण सरळ शिवण मी जन्मात घातलेली नाही. घरात शिवणारी असताना गरजही पडली नाही. डॉक्टरच्या बायकोला कुठे इंजेक्शन देता येतं, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, तिला निदान डॉक्टरला जेवायला हाका माराव्या लागत नसतील.

केंद्र म्हणजे चर्चच्या मागचं गोदाम. वस्तीतल्या मुलांना शाळेनंतर बसायला जागा हवी म्हणून पाळकांनी ते रिकामं करून घेतलं होतं. एका खोलीत अभ्यास, एका खोलीत तीन कॉम्प्युटर, त्यातले दोन चालू. मधल्या मोकळ्या जागेत टेबल टेनिसचं टेबल, एका पायाखाली वीट. शेवटच्या खोलीत सहा शिलाई मशीनं. येणाऱ्यांपैकी अर्धी मुलं ख्रिस्ती नव्हती. पाळक काय सांगतात यापेक्षा पंखा चालू आहे का, याची त्यांना जास्त काळजी. पाळकांना ते ठाऊक होतं. प्रार्थना ते पंख्याखालीच घ्यायचे.

पाळकांना सूचना लिहायची आवड आहे. दारावर लिहिलंय, चपला ओळीत काढाव्यात. विटेवर लिहिलंय, ही वीट काढू नये. शिवणाच्या खोलीतली एक भिंत काळी रंगवलेली आहे, तिच्यावर बायकोनं खडूनं लिहिलेलं होतं. ती गेल्यावर पाळकांनी वर कागद चिकटवला, पुसू नये. भिंतीवर एवढंच होतं:

दशमांश सोडा.
अरुंद वाट धरा.
चुकलं तर पश्चात्ताप करा.
मेंढरू सांभाळा.
शेवटी आमेन घाला.

पहिल्या दिवशी मी ते वाचलं आणि मला वाटलं, रोजचा सुविचार असेल. शिवणवर्गात चार मुली होत्या. त्यांना म्हणालो, करा सुरू. एक मुलगी दुसरीला म्हणाली, तुझं मेंढरू संपलं. दुसरीनं वाकून मशीनखालून बॉबिन काढला आणि दोरा भरायला घेतला. मग मला उमगलं.

मुली शुक्रवारच्या बोधवचनाला बसायच्या नाहीत आणि शिवणातलं सांगितलेलंही लक्षात ठेवायच्या नाहीत. वेळ वाचवायचा म्हणून तिनं दोन्ही एकातच शिकवलं. कापडाच्या कडेला शिवणीसाठी जी जागा सोडायची ती दशमांश. चर्चमध्ये मिळकतीचा दहावा वाटा आधी बाजूला काढतात, तसं कापडाचंही आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात बसवायचं. कडेलगतची बारीक शिवण ती अरुंद वाट. बॉबिन सारखा हातातून सुटून कपाटाखाली जातो, म्हणून तो मेंढरू. उसवणं म्हणजे पश्चात्ताप. आणि शिवण संपली की तीन टाके मागे, तीन पुढे घेऊन ती पक्की करायची, नाहीतर सगळं सुटत येतं. ते आमेन. आमेन म्हणायचं नसतं, घालायचं असतं, असं तिनं मुलींना सांगितलेलं होतं.

हे सगळं ती घरी कधी बोलली नव्हती. घरी ती मशीनवर बसली की मी तेलाचा डबा घेऊन दुसऱ्या मशीनवर असायचो. दोन मशीनांच्या आवाजात बोलणं होत नाही.

घरचं तिचं मशीन खिडकीखाली आहे. त्याच्या सुईखाली माझा शर्ट आहे. उजवा कफ लागला, डावा अर्धा लागला, तेवढ्यात ती म्हणाली, जरा पडते. दोन दिवसांनी दवाखान्यातच गेली. कापड दाबणारा फूट खाली, सुई कापडात रुतलेली, तसंच ठेवून मी त्यावर चादर टाकली. मशीन असं कधी सोडू नये, स्प्रिंग बसते. गिऱ्हाइकांना मी हे पस्तीस वर्षं सांगत आलोय.

दफनाच्या वेळी पाळकांनी प्रार्थना संपवली आणि सगळे आमेन म्हणाले. माझं राहिलं. काही राग वगैरे नव्हता. खड्डा बुजवणाऱ्याच्या फावड्याचा दांडा ढिला होता, पाचर मारली पाहिजे असं मनात आलं, तोवर आमेन होऊन गेलं होतं. नंतरच्या रविवारीही तोंड उघडलं नाही. आधीचं एक राहिलेलं असताना पुढची म्हणणं मला बरं वाटेना. पाळकांच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी त्याची सूचना मात्र लिहिली नाही, हे त्यांचे उपकार.

चार मुलींपैकी एकीला बायको वकील म्हणायची. एकोणीस वर्षांची, हडकुळी, कुठल्याही गोष्टीवर हरकत घेणारी. आईबाप नाहीत, मावशीकडे राहते. मावशी वाईट नाही, पण घर एका खोलीचं आणि माणसं सात. वस्तीच्या पलीकडे गणवेश शिवायचा कारखाना आहे. तिथे कामाला घेण्याआधी परीक्षा असते, आणि बायकोनं हिचं नाव तिथे दिलेलं होतं. मावशीचं म्हणणं असं की, लागली तर राहू दे, नाही लागली तर मामाकडे धाडू. मामा दूरच्या गावी असतो. त्याला जुळं झालं होतं आणि सांभाळायला माणूस हवं होतं. वकील म्हणाली, मामाला जुळं झालं यात माझा काय गुन्हा?

माझ्या वर्गाच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं परीक्षा दिली आणि नापास झाली.

मला ते पटेना. हिचा हात मी बघत होतो. मशीन तिच्या हाताखाली कुरकुर करत नाही, आणि मशीनचं मत मी माणसाच्या मताच्या वर धरतो. कारखान्याची मशीनं मीच बघतो, त्यामुळे तिथल्या सुपरवायझर बाई ओळखीच्या होत्या. उंच, आवाज बारीक, हसताना कधी पाहिल्या नाहीत. पुढच्या खेपेला तेल घालायला गेलो तेव्हा विचारलं.

त्या म्हणाल्या, हात चांगला आहे, पण डोकं ठिकाणावर नाही. मार्जिन किती ठेवशील विचारलं, तर म्हणे दशमांश. मला वाटलं अपूर्णांकात सांगतेय, म्हटलं इंचात सांग. तर गप्प. मग सांगितलं बॅकटॅक करून दाखव. माझ्या तोंडाकडे बघत बसली. म्हटलं, राहू दे, ही बाही चुकलीय. तर मला विचारते, "पश्चात्ताप करू का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आता करून काय उपयोग."

मी तेलाचं टोपण लावलं. हे शब्द माझ्या बायकोचे आहेत असं मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं की मुलीला पुन्हा बसता येईल का. त्या म्हणाल्या, महिन्यानं पुन्हा परीक्षा आहे, दुसऱ्यांदा बसवू, तिसऱ्यांदा नाही.

म्हणजे काम सोपं होतं. शब्द बदलायचे. दशमांशाला मार्जिन म्हणायचं, आमेनला बॅकटॅक. एका दुपारचं काम.

मी नऊ दिवस काहीच बोललो नाही. रोज वर्गात जायचो, पट्टे घट्ट करायचो, सुया बदलायचो. मुली आपापसात बोलत राहायच्या. अगं, दशमांश कमी सोडलास. मेंढरू कुठे गेलं बघ. आमेन घाल आधी, मग गप्पा मार. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. बायकोचे कपडे मी पाळकांना वाटायला दिले होते. भांडी होती, पण भांडी काही बोलत नाहीत. ती बोलायची तसं बोलणारी जागा आता या खोलीशिवाय कुठे नव्हती, आणि तिथे जाऊन मी सांगायचं की हे सगळं चुकीचं आहे.

दहाव्या दिवशी पाळकांनी विचारलं, कारखान्यात काय कळलं. मी सांगितलं. पश्चात्तापाचं सांगितल्यावर ते हसले, मग माझ्याकडे बघून थांबले.

मी म्हणालो, शब्द बरोबर आहेत. कारखान्यानं शिकावेत.

ते म्हणाले, कारखान्यात दोनशे माणसं आहेत.

मी म्हणालो, चर्चमध्ये तुम्ही एकटे बोलता आणि दोनशे ऐकतात.

ते म्हणाले, ऐकत नाहीत हो मिस्त्री, पंख्याखाली बसतात. मग म्हणाले, "मुलगी जुळं सांभाळायला गेली, तर हे शब्द तरी कुठे वापरणार ती?"

मी वर्गात गेलो आणि वकिलीला बाजूला बोलावून खरं काय ते सांगितलं. तू नापास झालीस ते हातामुळे नाही. तुमच्या बाईंचे शब्द बाहेर चालत नाहीत. तुला दुसरे शिकावे लागतील. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं ओढणी कमरेला बांधली.

"एवढंच होय? हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत काका?"

मी म्हणालो, मला वाटलं तुला वाईट वाटेल.

"मला कशाला? मी घरी एक बोलते, शाळेत दुसरं बोलायचे, मावशीसमोर तिसरंच बोलते. त्यात अजून एक. शिकले म्हणून बाईंचं विसरते का मी?" आणि मग नेहमीसारखी हरकत घेतली. म्हणाली, नऊ दिवस फुकट घालवलेत माझे.

मी खडू घेतला. बायकोच्या अक्षराला हात न लावता शेजारी लिहिलं. दशमांश, मार्जीन, अर्धा इंच. पश्चात्ताप, उसवणे. मेंढरू, बॉबिन. माझं अक्षर म्हणजे पायडलवर पाय ठेवून लिहिल्यासारखं. वकील म्हणाली, मार्जिनचा जि पहिला. मी पुसून पहिला केला. आमेनच्या शेजारी बॅकटॅक लिहिताना खडू मोडला. दुसरा घेतला.

उरलेले दिवस मी सुपरवायझर बाई झालो. आवाज बारीक करून विचारायचो, मार्जिन किती? चारही मुली हसायच्या आणि उत्तर द्यायच्या. चुकून कोणी दशमांश म्हणालं की तिला खोलीला एक फेरी मारायला लावायचो. सगळ्यात जास्त फेऱ्या मलाच पडल्या.

परीक्षेच्या सकाळी मी कारखान्यातच होतो. परीक्षेची मशीनं बंद पडू नयेत म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. एका कोपऱ्यात स्टूल दिलं आणि सांगितलं, कोणाशी बोलायचं नाही. पाच मुली बसल्या होत्या. कापलेल्या शर्टाच्या पुढच्या भागावर खिसा लावायचा आणि एक कफ बसवायचा. वेळ चाळीस मिनिटं.

तोंडी प्रश्न आधी झाले. मार्जिन? अर्धा इंच. बॅकटॅक म्हणजे? शिवण सुटू नये म्हणून तीन टाके मागे, तीन पुढे. कुठे करायचा? सुरुवातीला आणि शेवटी. सुपरवायझर बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, ही तीच आहे ना म्हणून. मी माझ्या पान्याकडे बघत राहिलो.

कफ तिनं पहिल्या वीस मिनिटांत संपवला. मग खिसा घेतला. तीन बाजू शिवून झाल्या आणि ती थांबली. कापड वर धरून बघितलं. मला कोपऱ्यातूनही दिसलं, खिसा खालच्या बाजूला करंगळीएवढा कललेला. बारा मिनिटं उरली होती. शेजारच्या मुलीचा खिसा याहून तिरका होता, तिनं तो तसाच देऊन टाकला आणि पाणी प्यायला गेली. फक्त शेवट पक्का करून दोरा तोडायचा उरला होता. मी मनात म्हणत होतो, देऊन टाक. तोंड उघडायची परवानगी नव्हती, आणि असती तरी तिनं ऐकलं नसतं.

तिनं केसात खोचलेला पेन्सिलीचा तुकडा काढला. त्याच्या टोकाला सुई बसवलेली होती. मी तो ओळखला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून बायकोनं तसे चार केले होते, आणि मी विचारलं होतं, हे काय. ती म्हणाली होती, मुलींसाठी आहे.

तिनं तिन्ही बाजू उसवल्या. घाई केली नाही. एक टाका उचलायचा, दोन सोडायचे, मग मागून दोरा ओढायचा, की सगळा एका दमात निघून येतो. नंतर कापडावर नखानं घासून सुईची भोकं बुजवली, खडूनं नवी रेघ मारली, पुन्हा शिवायला घेतलं. दोन बाजू झाल्या. तिसरी अर्धी झाली तेव्हा सुपरवायझर बाई म्हणाल्या, वेळ संपला. वकिलीनं हात उचलण्याआधी जिथे होती तिथेच तीन टाके मागे घेतले, तीन पुढे, आणि दोरा तोडला.

बाईंनी कापड हातात घेतलं आणि म्हणाल्या, खिसा अर्धा आहे.

वकील म्हणाली, वाकडा होता. उसवला.

बाईंनी अर्ध्या खिशाची मोकळी बाजू धरून ओढली. शिवण सुटली नाही. मग कापड खिडकीकडे धरलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"पहिली शिवण कुठे होती?"

वकिलीनं बोटानं दाखवलं. बाईंना ती जागा दिसेना. त्यांनी चष्मा लावला, तरी दिसेना.

"किती वेळा उसवलंयस आजवर?"

"मोजलं नाही. आमच्या बाई सरळ आलेलंही उसवायला लावायच्या."

"कशाला?"

"म्हणायच्या, वाकडं झाल्यावर शिकायला वेळ नसतो."

सुपरवायझर बाईंनी कापडाची घडी घातली. मग म्हणाल्या, नियमानं तू नापास आहेस. काम अपुरं आहे. मी स्टुलावरून उठलो होतो, ते मला नंतर कळलं. त्या पुढे म्हणाल्या, लाइनवर मी तुला घेऊ शकत नाही. पण मागच्या खोलीत बिघडलेल्या गणवेशांच्या टोपल्या भरून पडल्यात, उसवणारे आहेत ते कापड फाडून ठेवतात. तिथे उद्यापासून ये. सहा महिन्यांनी लाइनचं बघू.

वकिलीनं विचारलं, म्हणजे दिवसभर फक्त उसवायचं?

दिवसभर.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पान्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच शब्द होता आणि दोघांनीही तो म्हटला नाही.

मावशीला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, शिवायला शिकली ना ही, मग उसवायला कशी लागली? पण नोकरी ती नोकरी. मामाला कळवलं की माणूस दुसरं बघा. पाळकांनी केंद्राच्या दारावर कागद लावला की आपल्या वर्गातील विद्यार्थिनीची कारखान्यात निवड झाली आहे. कुठल्या विभागात ते लिहिलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी वकील माझ्या घरी आली. कारखान्यातलं एक मशीन अडलं होतं, तो निरोप होता. मी पिशवीत हत्यारं भरत होतो, तोवर तिनं खिडकीखालच्या मशीनवरची चादर बाजूला केली. मी वळून पाहिलं.

ती म्हणाली, काका, फूट खाली ठेवून मशीन सोडायचं नाही, स्प्रिंग बसते.

मी म्हणालो, ठाऊक आहे.

"बाईंनी ठेवलंय?"

मी मान हलवली. तिनं कफावरची धूळ फुंकली आणि पाहिलं. चार बोटांची शिवण उरली आहे, म्हणाली. मी घालून देऊ? मी नको म्हणालो. ती म्हणाली, मग तुम्ही घाला. असं ठेवलं तर मशीन खराब होईल आणि शर्टही. मी म्हणालो, मला येत नाही. ती म्हणाली, मलाही येत नव्हतं. आणि स्टूल ओढून बसली. वकील म्हणून बायकोनं नाव बरोबर ठेवलं होतं.

मी बसलो. त्या खुर्चीत मी आधी कधी बसलो नव्हतो. माझ्या पायांना ती बुटकी पडते. चाकाला हात लावून पायडल दाबलं. मशीन जड चालत होतं, तेलाला आलं होतं. दशमांश बायकोनं सोडलेलाच होता, मला फक्त त्याच्या कडेनं जायचं होतं. एक बोट सरळ गेलो. दुसऱ्या बोटाला कापड डावीकडे सरकलं, मी उजवीकडे ओढलं, मग ते जरा जास्तच उजवीकडे आलं. चार बोटं संपली तेव्हा शिवण कुठून निघाली होती आणि कुठे पोचली होती, याचा मेळ नव्हता. तिची कुठे संपली आणि माझी कुठे सुरू झाली, ते मात्र लांबूनही कळत होतं.

वकील वाकून बघत होती. तिनं केसातला पेन्सिलीचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला.

"पश्चात्ताप करा काका."

मी म्हणालो, नाही. राहू दे.

ती हरकत घेईल असं वाटलं. तिनं तुकडा परत केसात खोचला आणि म्हणाली, मग शेवट तरी नीट करा.

उलट टाक्याची कळ कुठे असते ते मला कोणी शिकवायला नको होतं. तीन टाके मागे गेलो. तीन पुढे आलो. फूट वर उचलला, शर्ट बाहेर काढला, दोरा तोडला.